मुंबई–लंडन: ८ तासांच्या हिशेबावर पुढची बस पकडू नका

अंतर मोजणाऱ्या साइटवर मुंबई आणि लंडनचं हीथ्रो विमानतळ टाकलं की साधारण ७,२१० किलोमीटर येतात. आकडा बरोबर आहे. त्याखालचे ‘८ तास’ मात्र निव्वळ फसवे. अंतराला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागलं, एवढाच तो हिशेब. जाताना गेट सुटल्यापासून गेट लागेपर्यंत साडेनऊ-दहा तास धरा, थंडीत त्याहून जास्त.

मुख्य घोळ वाटेचा आहे. पृथ्वीच्या गोलावरची सर्वात जवळची रेघ कच्छवरून सिंध-बलुचिस्तान, पूर्व इराण, जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या आसपास (इथे निम्मं अंतर होतं), मग काळा समुद्र आणि युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ ला प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ ला भारतीय कंपन्यांना बंदी घातली आणि पुढे ती वाढवत नेली. बंदी असताना भारतीय विमानाला आधी अरबी समुद्रावरून ओमानकडे वळावं लागतं. परदेशी कंपनीला ती अडचण नाही. म्हणजे विमानतळ तेच, अंतर तेच, पण कंपनी बदलली की वेळ बदलते.

त्यात समोरचा वारा. तो सरासरी ताशी १०० चा असला, तर न वळता गेलं तरी ८ चे ९ तास होतात. येताना तोच वारा पाठीशी असतो, म्हणून परतीचा प्रवास जवळपास तासाभराने कमी. शिवाय मुंबईत धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोवर उतरण्याआधीच्या घिरट्या वेगळ्या.

तिकिटावरून वेळ काढताना घड्याळ सांभाळा. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला पोहोचणारं विमान हिवाळ्यात ५ + साडेपाच (भारत आणि ब्रिटनच्या घड्याळांतला फरक) = साडेदहा तासांचं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच तासांचा, म्हणून त्याच वेळा असतील तर साडेनऊ.

अंतर स्वतः एक्सेलमध्ये गोलावरच्या अंतराच्या सूत्राने काढायचं तर पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर घ्या, अंशांचे रेडियन करा, लंडनचं रेखांश उणे (-०.४६) लिहा. अक्षांश-रेखांशातल्या मिनिटांना ६० ने भागायला विसरू नका: मुंबईचे १९ अंश ५ मिनिटं म्हणजे १९.०८, १९.०५ नव्हे. सपाट नकाशासारखं दर अंशाला १११ किलोमीटर धरून पायथागोरस लावलात, तर उत्तर ८,९०० च्या घरात जातं. ते सरळ फेकून द्या. उत्तर सागरी मैलांत (३,८९० च्या आसपास) दिसलं, तर १.८५२ ने गुणा.

खरी वेळ हवी असेल, तर विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर तुमच्या विमानाच्याच क्रमांकाची मागची ७ उड्डाणं बघा. तिथली वेळ बहुतेकदा उड्डाण ते उतरणं एवढीच असते. तीत अर्धा तास मिळवा आणि सातांपैकी सर्वात मोठी वेळ धरा. त्यानंतर पासपोर्ट, सामान आणि टर्मिनल बदलणं यासाठी ३ तास सोडून मगच पुढच्या बसचं तिकीट काढा.