बाजूला उभी असलेली माणसं

मंगळवार, 19 ऑगस्ट 2025

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. शाळांना सुट्टी, मध्य रेल्वे विस्कळीत, ऑफिसचा निरोप की घरूनच काम करा. फोन उघडला तर अच्युत पोतदार गेल्याची बातमी. काल, आमच्याच ठाण्यात. येत्या शुक्रवारी त्यांना 91 वर्षं पूर्ण झाली असती.

दिवसभर एकच वाक्य सगळीकडून येतंय. ‘अरे, कहना क्या चाहते हो?’ ‘थ्री इडियट्स’मधल्या त्या प्राध्यापकाचं. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं आहे. 2009 सालच्या सिनेमातलं पाच शब्दांचं वाक्य आजही कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी आहे, हे थोडं नाही. पण मी तो प्रसंग आज पुन्हा लावून पाहिला, आणि या वेळी आमिर खानकडे न बघता फक्त पोतदारांकडे बघत बसले. पुस्तकं विसरलो एवढं सांगायला समोरचा पोरगा पुस्तकाची लांबलचक व्याख्या म्हणतोय, आणि या माणसाला खरोखर काही कळत नाहीये. चेहऱ्यावर विनोद करत असल्याची खूणसुद्धा नाही. आयुष्य वर्गात घालवलेल्या शिक्षकाचा निव्वळ वैताग आहे. टाळी आमिरच्या उत्तराला पडते, पण ती उचलून हातात दिली आहे पोतदारांनी.

त्यांनी खरंच शिकवलं होतं. मध्य प्रदेशात रीवा इथे प्राध्यापक होते. मग सैन्यात गेले, 1967 साली कॅप्टन म्हणून बाहेर पडले. पुढे इंडियन ऑइलमध्ये अधिकारी, 1992 साली निवृत्ती. सिनेमात आले ते चाळिशी ओलांडल्यावर, नोकरी सांभाळून. ‘आक्रोश’, ‘अर्धसत्य’, ‘तेजाब’, ‘परिंदा’... कितीतरी सिनेमांत ते आहेत आणि बहुतेक ठिकाणी कोणाचे तरी वडील, साहेब, नाहीतर न्यायाधीश. ‘रंगीला’मध्ये ऊर्मिलाचे वडील तेच. त्या सिनेमातल्या झगमगाटात जोशींचं घर एवढं ओळखीचं वाटतं, ते त्यांच्यामुळे आणि रीमा लागूंमुळे. ते घर खरं वाटलं नसतं तर मिलीची सिनेमात जायची धडपड कोणाला लागली असती?

गुरुवार, 28 ऑगस्ट, रात्री उशिरा

सोसायटीतल्या दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन करून आलो तोवर कळलं की बाळ कर्वे गेले. पार्ल्याला, राहत्या घरी. तीनच दिवसांपूर्वी, सोमवारी, त्यांचा 95वा वाढदिवस झाला होता.

आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “गुंड्याभाऊ?” आणि मग बराच वेळ त्याच दिवसांबद्दल बोलत राहिली. सत्तरच्या दशकाची अखेर, मुंबई दूरदर्शन, कृष्णधवल पडदा. आमच्या चाळीत मोजक्याच घरी टीव्ही होता. ‘चिमणराव’ लागायच्या वेळी त्या घराचं दार उघडंच असायचं, चपलांचा ढीग बाहेर. मी पुढे जमिनीवर बसायचे. काऊ, मोरू, मैना, राघू हे सगळे आमच्याच मजल्यावर राहतात असं मला वाटायचं.

चिं. वि. जोशींच्या पुस्तकांतून चिमणराव आणि गुंड्याभाऊ आधीच घरोघरी पोचले होते. प्रत्येक वाचकाच्या मनात आपापला गुंड्याभाऊ होता. तो पुसून आपला चेहरा तिथे ठेवायचा, म्हणजे किती अवघड काम! जोशी 1963 सालीच गेले, त्यांना हा गुंड्याभाऊ बघायला मिळाला नाही याची मला नेहमी हळहळ वाटते. आज ‘गुंड्याभाऊ’ म्हटलं की माझ्या पिढीला दुसरं कोणी दिसतच नाही.

आता विचार करताना जाणवतं ते असं. नाव चिमणरावाचं, फजिती चिमणरावाची, कौतुकही साहजिकच दिलीप प्रभावळकरांचं, आणि ते त्यांच्या हक्काचंच आहे. पण भेदरट, किरकोळ अंगाचा चिमणराव पडद्यावर एकटा उभा असता तर बिचारा वाटला असता, आणि बिचाऱ्या माणसाला आपण फार वेळ हसू शकत नाही. शेजारी गुंड्याभाऊ आला की भीती जाते. हा दणकट भाऊबंद काहीतरी करून निभावून नेईल, निदान चिमणरावाला एकटं टाकणार नाही, एवढा भरवसा बाळ कर्व्यांच्या नुसत्या उभं राहण्यात होता. तो भरवसा असल्यामुळेच आम्ही मोकळेपणाने हसायचो. खांबाकडे कोणी बघत नाही, सगळे कळसाकडे बघतात. कर्वे त्या घराचा खांब होते.

तेही नोकरी करून नाटक करणारे. पेशाने अभियंता. दिवसभर कचेरी, संध्याकाळी तालीम, रात्री प्रयोग, पुन्हा सकाळी गाडी पकडायची. मराठी रंगभूमीचा केवढा मोठा भाग असा संध्याकाळच्या वेळात उभा राहिला आहे! त्यांच्या घरच्यांनी उशिरापर्यंत जेवण झाकून ठेवलं, त्या सगळ्यांचीही आठवण आज व्हायला हवी.

सोमवार, 1 सप्टेंबर

गौरीपूजन. घरभर पुरणाचा वास, हळदीकुंकवाला बायका येत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी प्रिया मराठे. काल सकाळी गेली. कर्करोग. वय 38.

एवढंच लिहवतं. एरवी मालिकांमधल्या तिच्या वाट्याला बऱ्याचदा कपटी, हेवा करणारी बाई यायची. ‘पवित्र रिश्ता’मधली तिची वर्षा आई बघायची, आणि बघताना पडद्याशी भांडायची. आज तीच आई दोन वेळा आत जाऊन डोळे पुसून आली.

त्याआधी 16 तारखेला पुण्यात ज्योती चांदेकर गेल्या. आई त्यांना नावाने ओळखत नव्हती, ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णा आजी म्हणूनच. मी तिला सांगितलं की ‘मी सिंधुताई सपकाळ’मध्ये उतारवयातल्या सिंधुताई त्यांनीच केल्या होत्या, आणि तरुणपणीच्या सिंधुताई म्हणजे त्यांची लेक, तेजस्विनी पंडित. एकाच बाईचं आयुष्य मायलेकींनी वाटून घेतलेलं. आई म्हणाली, “मग तिला किती कठीण असेल आता तो सिनेमा बघणं.” मला हे सुचलं नव्हतं.

मंगळवार, 14 ऑक्टोबर

अतुल परचुरेला जाऊन आज एक वर्ष झालं. अरेतुरे करण्याएवढी ओळख मुळीच नाही, पण माझ्या वयाच्या आसपासचा नट, त्याला ‘ते’ म्हणताना जीभ वळत नाही.

गेल्या वर्षी दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. वय 57. यकृताचा कर्करोग झाल्याचं त्याने स्वतःच मुलाखतींमधून सांगितलं होतं, काहीही न लपवता. मधल्या काळात बरं वाटून तो पुन्हा कामाला लागला होता, रंगमंचावर परत यायची तयारी चालली होती. त्यामुळे बातमी आली तेव्हा ती खोटीच वाटली होती.

मला तो आधी आठवतो तो जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’मधला मतिमंद मुलगा. त्या नाटकात आईबाप बोलतात, झुरतात, भांडतात. मुलगा जवळजवळ काही बोलत नाही, पण तो जिथे असेल तिथे सगळ्यांची नजर. इतक्या तरुण वयात, शब्दांचा आधार नसताना, प्रेक्षकाला कीव येऊ न देता ती भूमिका करायची! त्या मुलाची दया येण्याआधी माया वाटायची, हे त्याचं श्रेय.

आणि मग ‘व्यक्ती आणि वल्ली’. त्यात तो पु. ल. देशपांडे. वल्ली एकामागून एक येतात, आपापला प्रसंग गाजवतात, टाळ्या घेऊन आत जातात. पु. ल. मात्र सगळ्यांचं ऐकत थांबलेले. पुस्तकात हे सोपं असतं, कारण लेखणी त्यांच्याच हातात आहे. रंगमंचावर सगळा उजेड दुसऱ्यावर असताना जिवंत कसं राहायचं? परचुरे काय करायचा, तर खरोखर ऐकायचा. समोरचा बोलत असताना त्याच्या डोळ्यांत आधी कुतूहल यायचं, मग गंमत, आणि कधी कधी वल्लीला स्वतःलाही न कळलेलं दुःख त्याच्या चेहऱ्यावर आधी उमटायचं. मी काही वेळा बोलणाऱ्याला सोडून त्याच्याकडेच बघत राहिले होते. पु. लं.ची नक्कल करणारे पुष्कळ आहेत, आवाज काढतात, दात दाखवतात. पु. ल. माणसं कशी ऐकत असतील, हे मला दाखवलं ते याने.

पोतदार, कर्वे यांच्याबद्दल ऑगस्टमध्ये जे मनात घोळत होतं ते आज इथे नीट लागतं. दुसऱ्याला मोठं होऊ देणं हीसुद्धा एक तालीम आहे, वर्षानुवर्षं करावी लागणारी. पुरस्कारांच्या यादीत तिला ‘सहायक अभिनेता’ म्हणतात आणि मृत्युलेखात ‘अमुक फेम’. दोन्हींत ती मावत नाही.

मंगळवार, 4 नोव्हेंबर

काल दया डोंगरे गेल्या. वय 85.

सगळ्या मथळ्यांत ‘खाष्ट सासू’. ‘खट्याळ सासू नाठाळ सून’, ‘नवरी मिळे नवऱ्याला’, नंतर ‘चार दिवस सासूचे’, त्यामुळे ते नाव त्यांना चिकटलं हे खरं. पण आज दुपारी आई आणि मी बोलत बसलो तेव्हा आईला आधी आठवला दूरदर्शनवरचा ‘गजरा’. आणि त्यांचा आवाज. गाणं शिकलेल्या होत्या, ते त्यांच्या बोलण्यात कळायचं. वाक्याच्या शेवटी आवाज असा काही चढायचा की समोरचा नट आपोआप दोन पावलं मागे जायचा. भुवई उचलली की काम झालं, आरडाओरडा करायची गरज नसायची.

“त्या सुनेला जिंकायला काहीतरी हवं ना,” आई म्हणाली. तिच्या मते दया डोंगरेंनी सासू कधी मूर्ख केली नाही. त्यांची सासू हुशार असायची, घरावर तिची पकड असायची, म्हणून सुनेने तिला नमवलं की आपल्याला आनंद व्हायचा. हलकी, बावळट सासू असती तर त्या सिनेमांत उरलं काय असतं? माझ्या आईने स्वतः कडक सासूच्या हाताखाली वीस-बावीस वर्षं काढली आहेत, तेव्हा या विषयावर तिचं म्हणणं मी मान्य करते.

मग ती म्हणाली, ‘गजरा’ परत बघायला मिळेल का? मी शोधलं. इकडेतिकडे काही तुकडे सापडतात, धूसर, आवाज तुटलेला. दूरदर्शनकडे त्या काळाच्या जेवढ्या फिती असतील तेवढ्या त्यांनी साफ करून लोकांसाठी खुल्या कराव्यात, ‘गजरा’ही आणि ‘चिमणराव’ही. ही माणसं तिथे पूर्ण दिसतात, एका वाक्यापुरती किंवा एका भुवईपुरती नाहीत. सह्याद्री वाहिनीला तसं पत्र लिहायचं ठरवलं आहे. आईने सांगितलंय की खाली तिचीही सही घ्यायची.