फेरी १४ : शेवाळ नव्हे, उशीच!

सापडलं! तीन आठवडे ज्या हिरव्या गोळ्यापायी झोप उडाली होती, तो काल रात्री ओळखू आला.

घरबसल्या व्हिडिओ बघत डोंगर फिरायच्या माझ्या या फेऱ्या. त्यातली स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या फुर्का खिंडीजवळची (२,४२९ मीटर) ती फेरी आठवते ना? व्हिडिओच्या सतराव्या मिनिटाला खडकाला चिकटलेला गोळा, वर गुलाबी ठिपके. झाडं ओळखणाऱ्या ॲपनं दोनदा शेवाळ म्हणून सांगितलं. माझा त्याच्यावरचा भरवसाच उडाला, शेवाळाला फुलं येतात का कधी? एकेक फ्रेम सरकवत गेलो तेव्हा एका फुलाच्या पाच पाकळ्या सुट्या दिसल्या. सायलीन अकॉलिस, कार्नेशनच्या कुळातली, उशीसारखी गच्च वाढणारी वनस्पती.

पण एक गाठ सुटेना. हिची फुलं दक्षिणेच्या अंगाला आधी उमलतात, माझ्या गोळ्यावर मात्र ती नैऋत्येला. दिशा मी सावलीवरून काढलेली. व्हिडिओची वेळ सकाळी साडेअकरा, म्हणजे जवळपास मध्यान्ह, म्हणून सावली उत्तरेला धरलेली. चार वेळा हिशेब मांडला, चारही वेळा तेच. व्हिडिओच उलटा केलाय की काय, इथवर शंका आली. काल लाईट गेली. अंगणात बाजेवर पडल्या पडल्या डोक्यात आलं, तिकडं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढं करतात! त्यात ती खिंड त्यांच्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरीच पश्चिमेला. सूर्य माथ्यावर येतो दीडच्या सुमारास. म्हणजे साडेअकराला ऊन असतं दहाचं आणि सावली वायव्येला! लाईट आल्यावर कोन फिरवला. फुलं बरोब्बर दक्षिणेला. एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

आता ही उशी कळायला लागलीय. फांद्या इतक्या दाट, की वारा आत शिरत नाही. कडब्याची गंजी घट्ट रचावी तशी. उन्हात आतली ऊब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त, खाली लांब सोटमूळ. तिथंही पाण्याचे हालच, गोठलेलं पाणी मुळाला काय कामाचं? आपल्या परभणीच्या माणसाला हे लगेच पटतं.

पुढची फेरी उत्तराखंडातल्या तुंगनाथची ठरली होती, बुरांश (तिकडचं ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड) कुठं खुरटतो ते बघायला. ती थांबवतो. या उशीत दुसरी रोपं रुजतात, तर त्याच व्हिडिओत तशा उश्या आधी मोजतो. आणि हे लिहिता लिहिता सुचलं : थंडीत पहाटे अंगणातल्या हरळीच्या गच्च गड्ड्यात एक थर्मामीटर खोचायचा, दुसरा शेजारी उघड्यावर. दोन थर्मामीटर आजच आणतो.