टाकी भरली की नेट पळतं

सिमवर चालणाऱ्या राउटरवरच्या सिग्नलच्या दांड्या बघणं मी सोडून दिलंय. त्याच्या सेटिंगमध्ये आरएसआरपी आणि एसआयएनआर असे दोन आकडे दिसतात. पहिला सिग्नलचा जोर सांगतो, दुसरा गोंगाटाच्या वर तो किती डोकं काढतो ते. माझा सगळा खटाटोप दुसऱ्यासाठी.

घर अंबाजोगाईच्या बाजूला, बालाघाटाच्या उतारावर. दोन फुटी दगडी भिंती, वर पत्रे. आत आरएसआरपी उणे ११२ (शून्याच्या जितका जवळ तितका बरा), एसआयएनआर जेमतेम ३. पॅनल अँटेना, म्हणजे एकाच दिशेला तोंड असलेला चपटा अँटेना, मागच्या खोलीच्या स्लॅबवर चढवला तर जोर उणे ९० पर्यंत आला, पण एसआयएनआर ५ वरच अडकला. कारण उंचावरून गावातला टॉवर आणि समोरच्या डोंगरावरचा टॉवर, दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही २३०० मेगाहर्ट्झच्या बँड ४० वर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सी-पट्ट्यावर. एकाचं बोलणं ते दुसऱ्याचा गोंगाट.

राउटर फक्त बँड ५ वर बांधून (लॉक करून) बघितला. ८५० मेगाहर्ट्झ लांब पोचतं, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतं, पण पट्टा अरुंद, त्यामुळं वेग काही वाढेना. परत ४० वर.

मग स्लॅबवरच्या हजार लिटरच्या टाकीकडं लक्ष गेलं. पाणी हा सिग्नल चांगलाच गिळतं. पॅनल टाकीला खेटून असा लावला की डोंगराकडची बाजू टाकीनं झाकली जाईल आणि तोंड गावाकडं राहील. एसआयएनआर १४! रात्री आठच्या गर्दीत ४ एमबीपीएस मिळायचे, तिथं १९. तपासणी कायम आठलाच करतो. पहाटेच्या वेगावर फुशारकी मारण्यात अर्थ नाही.

केबलचं मात्र ऐका. आरजी-५८ ही अँटेनाची बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागं साधारण १ डेसिबल खाते. दहा मीटर ओढली तर सिग्नलचा दहावा हिस्साच खाली पोचणार. म्हणून राउटरच स्लॅबखालच्या खोलीत नेला आणि केबल झरोक्यातून आत घेतली. पॅनलच्या दोन्ही केबली जोडायच्या बरं का. एकच जोडली तर मायमोचा, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी डेटा आणण्याचा, फायदा जातो.

आता मे लागला. नळाला पाणी नाही, टाकी तळाला गेली, आणि एसआयएनआर ८ वर घसरला. रिकामं प्लास्टिक काय अडवणार? आई म्हणाली, "तुझ्या नेटसाठी टँकर बोलवू का?" टँकर आला त्या रात्री आकडा परत १३.

पाण्याच्या भरवशावर इथं काही उभं करू नये, त्यामुळं पुढचा बेत दगडी भिंतीचा आहे. पॅनल पत्र्याच्या कडेखाली, गावाकडच्या भिंतीवर. डोंगर आपोआप मागं जाईल. उंची कमी झाल्यानं जोर थोडा पडेल, तो पडू दे. अँटेनाच्या पाइपाला अर्थिंग मात्र मृगाच्या आधी करायचंय, आमच्याकडं विजा फार पडतात. अर्थिंगची तार किती जाडीची घालता तुम्ही?