देवाबरोबर चालायचं म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

तरुण संघाच्या सभेत, बाप्तिस्म्याच्या जेवणात, अंत्यविधीनंतर चहा घेताना, हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. मी वेळ, वही, अध्याय असं सांगायला लागले की विचारणाऱ्याचा चेहरा उतरतो. "हे झालं वेळापत्रक. अनुभवाचं सांगा ना." अनुभवाचं सांगते, पण आधी वेळापत्रकच. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं आणि मग ते स्वतःच्या विश्वासाला दोष देत बसतात.

सकाळी वीस मिनिटं पुरतात. एकदम तासाभराचा संकल्प करू नका. चौथ्या दिवशी पाहुणे येतात, पाचव्या दिवशी पाणी लवकर येतं, सहाव्या दिवशी अपराधी वाटतं म्हणून बायबल उघडलंच जात नाही. दोन मिनिटं नुसतं बसायचं. मग बायबलातलं एक स्तोत्र, मोठ्याने. ओळखीच्या वचनांवरून डोळे घसरत जातात, जिभेला मात्र प्रत्येक शब्द उच्चारावाच लागतो. मग शुभवर्तमानातली, म्हणजे येशूच्या चरित्रातली दहाबारा वचनं, दोनदा. वहीत एक ओळ, आणि मग प्रार्थना. बायबल छापील घ्या. फोनवरचं अ‍ॅप प्रवासात सोयीचं आहे, पण घरी योहानाचं शुभवर्तमान उघडेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा वाद सुरू झालेला असतो आणि वीसातली बारा मिनिटं तिथेच जातात.

वर्षात अख्खं बायबल वाचण्याचा संकल्प दर जानेवारीला होतो. एकूण अध्याय 1189, म्हणजे दिवसाला तीनहून थोडे जास्त. पहिल्या दोन पुस्तकांचे, उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40, महिन्याभरात संपतात आणि जानेवारीच्या अखेरीस तिसरं पुस्तक, लेवीय, लागतं. यज्ञ, चरबी, कुष्ठाची तपासणी. बहुतेक जण तिथेच थांबतात ते पुढच्या जानेवारीपर्यंत. नवख्याने मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. सोळाच अध्याय आहेत, रोज अर्धा घेतला तरी महिन्याभरात होतो. स्तोत्रं रोज एक घेतली तर पाच महिने पुरतात. सगळ्यात लांब अशा 119व्या स्तोत्राला घाबरू नका, त्याची आठआठ वचनांची बावीस कडवी आहेत, रोज एक घ्या.

पण लेवीय कायमचं टाकूही नका, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच्या 19व्या अध्यायात आहे. मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नये. शेताच्या कडेचं पीक कापू नये, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावं. वजनमापं खरी असावीत. म्हणजे कामवाल्या ताईंचा पगार एक तारखेला हातात पडला की नाही, हाही भक्तीचाच भाग आहे. पहाटे चारला उठून प्रार्थना करणाऱ्या घरात त्यांना "पुढच्या आठवड्यात बघू" असं ऐकावं लागत असेल, तर त्या पहाटेचं मला काही सांगू नका. हे बोलले की लोक दुखावतात, मला माहीत आहे. तरी बोलणार.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेला वारांप्रमाणे यादी करा. एका दिवसाला पाच नावं, जास्त नाही. चाळीस नावं रोज घेतली की ती हजेरी होते. प्रत्येक नावापुढे तारीख आणि नेमकी विनंती लिहा. "सगळ्या आजाऱ्यांना बरं कर" ही विनंती मोघम आहे. "मंगळवारी डायलिसिस आहे, रक्तदाब खाली जाऊ नये" ही नेमकी आहे. आणि नेमकं लिहिलं की मंगळवारी फोन करून विचारायचंही लक्षात राहतं.

बायबलातला दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकत असे. दुपारी ऑफिसात ते जमणार नाही, पण डबा उघडण्याआधी येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला अर्धा मिनिट लागतो. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना दहा मिनिटांची ठेवा: गीताची दोन कडवी, मुलांनी आळीपाळीने वाचलेली आठ वचनं, एकाने केलेली प्रार्थना. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी आपल्याला ओवी-अभंगांच्या वळणाची भजनं देऊन ठेवली आहेत. शब्द सुचत नाहीत त्या दिवशी ती गा, तीही प्रार्थनाच आहे. ही प्रार्थना कुठे बिघडते तेही सांगते. वडील प्रार्थनेतून मुलाला रागावतात. "हे प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, याचा मोबाइल सुटू दे." मूल डोळे मिटून ऐकतं, आणि देव आपल्या विरोधी पक्षात आहे असं ठरवून टाकतं. असल्या प्रार्थनेपेक्षा न केलेली बरी.

रात्री पाच मिनिटं दिवसाची उजळणी. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेला क्रम आजही चालतो: आधी उपकारस्मरण, मग पवित्र आत्म्याचा प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने आठवणं, मग क्षमा, मग उद्या. उपकारस्मरण गाळलं की उजळणीची चुकांची यादी होते आणि माणूस दोन आठवड्यांत ती सोडून देतो. कुणाशी बिनसलं असेल तर मत्तयाचा पाचवा अध्याय स्पष्ट आहे. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद असलेले सख्खे भाऊ एकाच रविवारी, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. पाळकांना दिसतं, मंडळीला दिसतं, कुणी बोलत नाही.

आता अनुभव. "देव बोलतो का? मला का ऐकू येत नाही?" या प्रश्नाला मला एलीया संदेष्ट्याचंच उत्तर ठाऊक आहे, बायबलातल्या पहिले राजे या पुस्तकाच्या 19व्या अध्यायातलं.

कर्मेल डोंगरावर एलीयाच्या प्रार्थनेला उत्तर म्हणून आकाशातून अग्नी उतरला होता, साऱ्या लोकांनी तो पाहिला होता. यापेक्षा मोठा अनुभव कोणता? आणि लगेच पुढे त्याच्या जिवावर उठलेल्या ईजबेल राणीचा एक निरोप येतो आणि हा माणूस जीव घेऊन पळतो. बैर-शेब्यात चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट एकटा रानात चालतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. पुरे झालं, माझा प्राण घे. मग झोपतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही, त्याच्या अविश्वासाबद्दल चकार शब्द काढत नाही. त्याला स्पर्श करतो आणि ऊठ, खा म्हणतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा तेच. वाट तुला झेपणार नाही, खाऊन घे. विझून गेलेल्या माणसावर देवाने केलेले पहिले उपचार हे: झोप, अन्न, पाणी, दोन वेळा. आपल्याकडे मात्र नैराश्यातल्या माणसाला आधी उपासाला बसवतात.

मग चाळीस दिवस चालत होरेब डोंगरापर्यंत. गुहा. वारा, भूकंप, अग्नी, आणि या तिन्हींत परमेश्वर नाही. मग ती शांत, मंद वाणी. प्रवचनं बहुधा इथे संपतात. अध्याय संपत नाही. वाणीच्या आधी देवाने विचारलं होतं, एलीया, तू इथे काय करतोस? वाणीनंतर तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि एलीया पुन्हा तेच उत्तर देतो, मी एकटाच उरलो आहे. प्रत्यक्ष देवाची वाणी ऐकूनही त्याच्या तक्रारीतला एक शब्द बदललेला नाही. देव वाद घालत नाही. परत जा म्हणतो, तीन जणांना अभिषेक करायचा आहे, त्यातला एक तुझ्या जागी येईल. आणि जाता जाता सांगतो की अजून सात हजार जण आहेत.

पूर्वी मी म्हणत असे की मन नसताना केलेली प्रार्थना ढोंग असते. त्या मताची धार मला आजही कळते, कारण कोरडी सवय मी मंडळीत पुष्कळ पाहते. पण मन येईपर्यंत थांबायचं म्हटलं तर एलीया त्या झुडपाखालून उठलाच नसता. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि यावर मी अजून कुठल्याच एका बाजूला स्थिर झालेले नाही.

राहिला यादीचा प्रश्न, तोही तुम्ही विचारता. ज्याच्या बरं होण्यासाठी वर्षभर प्रार्थना केली तो माणूस गेला, तर त्याच्या नावाचं काय करायचं? आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. वसईच्या कॅथलिक घरांत करतात. मी नाव खोडत नाही. त्याच वारी, त्याच जागी, त्याच्या बायकोचं आणि मुलांचं नाव लिहिते, आणि पुढे नेमकी विनंती: पेन्शनचे कागद, धाकट्याची फी.