मोहिमेची नोंद: चौघे आले की खेळ सुरू

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र रंगवतो, आणि अनेक सत्रे चालणाऱ्या साहसकथेला मोहीम म्हणतात. आमच्या ऑनलाइन मोहिमेच्या या वेळच्या नोंदीत कथानकाविषयी फारसे काही नाही. किल्ल्याखालच्या भुयारांचा पहिला मजला पार पडला आणि दुसऱ्याचा नकाशा फाउंड्री या ऑनलाइन खेळपटाच्या सॉफ्टवेअरवर चढवून झाला, एवढेच. गेले काही महिने माझा वेळ राक्षस रचण्यापेक्षा माणसे जमवण्यातच अधिक गेला. त्यातून गटाची जी नवी घडी बसली, तिच्याविषयी लिहिणे ऑनलाइन गट चालवणाऱ्या इतर गेम मास्टरांना, म्हणजे माझ्यासारख्या कथा आणि शत्रू सांभाळणाऱ्यांना, अधिक उपयोगी पडेल.

आधी साधे गणित पाहू. गटात सहा खेळाडू आहेत आणि प्रत्येक जण शंभरपैकी ८५ वेळा येतो असे धरू. नोकरी, घर आणि आजारपणे सांभाळून खेळणाऱ्यासाठी ही हजेरी चांगलीच म्हणावी लागेल. एकाच्या गैरहजेरीचा दुसऱ्याशी संबंध नाही असे मानले, तर सहाही जण एकाच वेळी हजर असण्याची शक्यता जेमतेम ३८ टक्के निघते. म्हणजे कोणीही बेजबाबदार नसताना, ‘सगळे आले तरच खेळू’ असे म्हणणाऱ्या गटाची निम्म्याहून अधिक सत्रे रद्द होणार. त्याच गटाने चौघे आले तरी खेळायचे असे ठरवले, तर ही शक्यता ९५ टक्क्यांवर जाते. शिवाय लागोपाठ दोन सत्रे रद्द झाली की तिसऱ्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवण्याची तसदी नियमित येणारेही घेत नाहीत, हे गट चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे आमचा पहिला नियम असा झाला की ठरल्या वेळी चौघे असले की खेळ सुरू करायचा आणि उरलेल्यांसाठी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे नाही.

हा नियम पाळायचा तर साहसाची रचनाच बदलावी लागते. गेम डिझायनर बेन रॉबिन्स यांच्या ‘वेस्ट मार्चेस’ मोहिमेत खेळाची ठरलेली वेळ नव्हती, ठरलेला चमूही नव्हता, आणि प्रत्येक सफर गावातून निघून गावातच संपत असे. वेळ खेळाडूंवर सोपवण्याचा त्यातला भाग मी घेतला नाही, कारण आमच्याकडे वार ठरलेला नसला की कोणीच पुढाकार घेत नाही. सत्राअखेरीस चमूने तळावर परतायचे, ही अट मात्र उचलली. जो खेळाडू आला नाही त्याचे पात्र तळावरच राहते. ते मरत नाही आणि त्याला लुटीत वाटाही मिळत नाही. दारामागे काय आहे हे न कळताच सत्र संपवण्यातली मजा यामुळे गेली, याची मला अजूनही थोडी हळहळ वाटते.

पातळी, म्हणजे पात्राच्या ताकदीची पायरी, मात्र सर्वांची एकदमच वाढते. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अनुभवगुण न मोजता कथेतल्या टप्प्यांनुसार पातळी वाढवण्याचा पर्याय आहे आणि आम्ही तोच वापरतो. हजर असलेल्यांनाच गुण देणे वरवर न्याय्य दिसते. पण मागे पडलेल्या पात्राचे वार चुकतात, ते लवकर कोसळते, खेळाडूचा रस आटतो आणि तो आणखी कमी येऊ लागतो. चकमकींचा तोल सांभाळण्यासाठी शत्रूंची दुसरी तुकडी मी दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवतो. पाच-सहा जण असतील तर ती येते, चौघेच असतील तर ती आलीच नाही असे समजायचे. राक्षसांचे हिट पॉइंट (ते किती मार सोसतात तो आकडा) कमी करण्यापेक्षा हे बरे पडते, कारण माणसे कमी झाली की खरा फटका फेरीगणिक मिळणाऱ्या कृतींच्या संख्येला बसतो.

एवढे झाल्यावर गैरहजेरी हा प्रश्न उरत नाही. न कळवता गायब होणे हा उरतो. एका सत्रात क्लेरिक, म्हणजे चमूवर उपचार करणारे पात्र, खेळणाऱ्याची आम्ही वाट पाहत होतो. आम्ही ज्यावर बोलतो त्या डिस्कॉर्ड ॲपच्या यादीत त्याच्या नावाशेजारी ऑनलाइन असल्याचा हिरवा ठिपका होता आणि खाली दुसऱ्याच एका खेळाचे नाव झळकत होते. पाचही जणांना ते दिसत होते, पण कोणी काही बोलले नाही. एकाने आपल्या पात्राच्या थैलीतल्या उपचारपेयांच्या बाटल्या मोजल्या आणि आम्ही सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी त्याला खासगीत विचारले, ‘तुला या मोहिमेत खेळायचे आहे का? नसेल तर तसे सांग, राग नाही.’ बऱ्याच वेळाने उत्तर आले की त्याला कंटाळा आला होता, पण गट मोडेल या भीतीने सांगवत नव्हते. माझ्या मते गायब होणाऱ्यांपैकी बरेच जण याच जातीचे असतात. नाही म्हणण्याचा संकोच त्यांना आळसापेक्षा अधिक नडतो. म्हणून आता प्रत्येक कथाभागाच्या शेवटी बाहेर पडण्याची वाट मी स्वतःहून खुली ठेवतो आणि जाणाऱ्याच्या पात्राला मानाने निरोप देतो. जो न कळवता दोनदा चुकतो, त्याची कायमची जागा जाते. पाहुणा म्हणून तो कधीही येऊ शकतो.

घड्याळाचा घोळ वेगळा. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, तर युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या घड्याळांतले नेहमीचे अंतर एका तासाने बदलते. परदेशी खेळाडू असलेल्या गटात त्या काळात कोणी तासभर उशिरा आला, तर त्याला दोष देण्याआधी कॅलेंडर पाहावे. सत्राची वेळ मी आता डिस्कॉर्डच्या टाइमस्टॅम्पनेच लिहितो. तो ज्याला-त्याला आपापल्या स्थानिक वेळेनुसार दिसतो.

क्लेरिकची जागा सध्या रिकामी आहे. इच्छुकांना थेट मोहिमेत न घेता आधी एकाच सत्रात संपणारे छोटे साहस त्यांच्यासोबत खेळणार आहे. त्यांना नियम किती पाठ आहेत, हे मी पाहणार नाही. ‘उद्या येणार ना?’ या आदल्या दिवशीच्या संदेशाला हो किंवा नाही असे स्पष्ट उत्तर कोण देतो, ते पाहणार आहे.