कॉलेजची बास्केटबॉल टीम हवीय? आधी खो-खोच्या मैदानावर जा

अॅडमिशन संपून फर्स्ट इयरची लेक्चर्स सुरू झाली की जिमखान्याच्या बोर्डावर दरवर्षी तीच नोटीस लागते, बास्केटबॉल ट्रायल्स मुली, संध्याकाळी साडेचार, स्पोर्ट्स शूज घालून यावे. येतात कोण, तर शाळेत खेळलेल्या दोन-तीन जणी आणि त्यांच्या सोबतीला आलेल्या मैत्रिणी. बाकीच्या मनातच ठरवून टाकतात की आपली उंची नाही, आपल्याला जमणार नाही. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या टीमला मदत करते आणि मला हे पक्कं पटलंय की नोटीस लावून टीम होत नाही, मुली शोधायला आपणच बाहेर पडावं लागतं, आणि पहिल्यांदा जायचं ते खो-खोच्या मैदानावर.

का ते सांगते. शूटिंग शिकवता येतं, रोज नेमाने शॉट्स मारले की हात बसतो. पण डिफेन्सला लागतं ते गुडघ्यात वाकून राहणं, एका पावलात दिशा बदलणं, हे अठराव्या वर्षी शून्यापासून शिकवायला घेतलं तर डिग्री संपते पण अंगात येत नाही. खो-खोत पळती करणाऱ्या मुलीकडे ते शाळेपासून असतं. तिच्या मागे लागलेलीला एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत मागे वळता येत नाही, पळणारी मात्र कुठेही वळू शकते, म्हणून ती सतत समोरचीचे खांदे आणि कंबर वाचत असते. आणि आम्ही कोर्टवर घसा फोडून काय सांगतो, बॉलकडे बघू नका, कंबरेकडे बघा!

फलटणकडची एक मुलगी अशीच आग्रह करून ट्रायलला आणली होती. ड्रिबल करताना, म्हणजे बॉल टप्पे देत नेताना, नजर बॉलवरून हलेना, लेअपला (धावत जाऊन बास्केटजवळून मारायच्या शॉटला) पावलं चुकून सारखं ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याचा फाउल. सीनियर मुली म्हणाल्या, ताई ही नको, ती उंच मुलगी घेऊया. मग वन-ऑन-वन, म्हणजे एकीसमोर एक, लावलं आणि आमची सगळ्यात फास्ट गार्ड (बॉल पुढे नेणारी खेळाडू) तिला ओलांडून जाऊच शकली नाही, डावीकडून गेली तरी ही पुढे, उजवीकडून गेली तरी पुढे, हात मागे ठेवून फक्त पायांवर. मी दोघींनाही घेतलं. आता समोरच्या टीमच्या मेन प्लेयरला मार्क करायचं काम तिचंच असतं.

उणीव कुठे राहते तर धक्क्याला. खो-खोत अंगाला अंग लावून जागा धरायची सवय नसते, त्यामुळे रिबाउंडला, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला, या मुली बाजूला होतात. तिथे कबड्डीवाल्या पोरी कामाला येतात, त्यांना बॉक्स-आउट, म्हणजे समोरचीला पाठीने अडवून जागा धरणं, एकदा दाखवलं की पुरतं. आणि कृपा करून नव्या मुलींच्या हातात मुलांचा सात नंबरचा बॉल देऊ नका, मुलींचा बॉल सहा नंबरचा, लहान आणि हलका, तो कपाटात पडून असतो आणि पोरींना वाटतं आपल्याच हातात जोर नाही.

खरी मेहनत पुढे आहे, घरच्यांशी बोलण्याची. त्यांचे प्रश्न अगदी रास्त असतात, यायला किती वाजणार, बाहेरगावी मॅच असेल तर सोबत कोण, परीक्षेचं काय. काकूंना फोन करून वेळ स्पष्ट सांगायची, सोबत कोणत्या मॅडम आहेत ते सांगायचं, आणि हॉस्टेलची मुलगी असेल तर रेक्टरना जिमखान्याचं पत्र आधीच द्यायचं. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन झाली हे सांगितलं की वडील जरा नीट ऐकायला लागतात हा माझा अनुभव आहे.

खो-खोच्या सरांना न विचारता मात्र कुणालाही उचलायचं नाही. 2025 च्या जानेवारीत दिल्लीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जिंकला, कॅप्टन महाराष्ट्राचीच, प्रियंका इंगळे. तो खेळ सोडून आमच्याकडे ये असं कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून सरांबरोबर बसून दोन्हीकडच्या मॅचच्या तारखा बघतो, त्यांच्या स्पर्धेच्या आठवड्यात मुलगी त्यांची, बास्केटबॉलला सुट्टी.

यंदा तुमच्या कॉलेजात ट्रायल्स असतील तर आधी सकाळी खो-खोची प्रॅक्टिस बघायला जा, आणि पळतीत सगळ्यात शेवटी बाद होणारी मुलगी कोण ते लिहून ठेवा.