रेसिंगचा परवाना आणि डॉक्टरांची सही

रेसिंगच्या परवान्यासाठी गाडीपेक्षा माणसाचीच चौकशी जास्त. भारतात हा परवाना एफएमएससीआय ही मोटारस्पोर्टची राष्ट्रीय संस्था देते आणि अर्जाला डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जोडावं लागतं. बेळगावात टिळकवाडीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी कागद बघितला, पेन काढलं आणि विचारलं, “कुठं करू सही?”

“आधी तपासा की ओ डॉक्टर!”

मग मात्र रीतसर झालं. फिट येते का, कधी चक्कर येऊन पडलात का, शुगर, बीपी, छातीत दुखणं. उद्यमबागेत मशीनशॉप चालवणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला असले प्रश्न आवडत नाहीत. पण ट्रॅकवर ड्रायव्हरची शुद्ध गेली तर धोका त्याला एकट्याला नसतो. कडेला झेंडा घेऊन मार्शल उभा असतो. आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी तर एफआयए ही जागतिक संस्था ४५ वर्षांवरच्यांना दर दोन वर्षांनी स्ट्रेस टेस्ट करायला लावते. मला देशी परवाना पुरेसा होता, तरी डॉक्टरांनी ट्रेडमिलवर पळवलंच. ईसीजी ठीक निघाला, दम कमी पडला. तेव्हापासून रविवारी राजहंसगड चढतोय.

“बसून गाडी चालवायला दम कशाला रे?” असं मित्र विचारतात. शर्यतीत नाडी दीडशेच्या वर सहज जाते. एसी नसतो, अंगावर आग न धरणारा जाड सूट, डोकं-तोंड झाकणारी बालाक्लाव्हा टोपी, त्यावर हेल्मेट. घाम किती जातो ते आमच्या फाउंड्रीत भट्टीपुढं उभ्या राहणाऱ्या पोरांना सांगावं लागत नाही.

डोळ्यांची तपासणी मी किरकोळ समजत होतो. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायला लावले, तेव्हा झेंडे आठवले. पिवळा म्हणजे पुढं धोका, ओव्हरटेक बंद. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. रंग ओळखता आले नाहीत तर तो झेंडा काय कामाचा?

सामानात सगळ्यांचा जीव सायलेन्सर आणि अलॉयवर. माझं मत विचाराल तर आधी हान्स घ्या. खांद्यावर बसणारी ही कॉलर हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली असते. गाडी आदळली की छाती बेल्टनं थांबते, डोकं मात्र पुढं जातं आणि कवटीचा तळ तुटू शकतो. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत तिथले नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्ट गेले ते अशाच दुखापतीनं. २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हान्स सक्तीचं झालं. हेल्मेटही दुचाकीचं चालत नाही. हेल्मेट तपासणाऱ्या स्नेल या अमेरिकी संस्थेच्या ‘एसए’सारखं मोटारशर्यतीचं मानांकन लागतं, कारण त्यात आगीची चाचणी असते. आतले कपडेही आग न धरणारे हवेत. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

कोइम्बतूरला एकानं स्वस्तात सहा टोकांचे बेल्ट देऊ केले होते. लेबलवरची मुदत संपलेली. नको म्हटलं.

शर्यतीआधी स्क्रुटिनीत गाडी तपासतात: रोल केजचे (गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणाऱ्या पोलादी सांगाड्याचे) बोल्ट, अग्निशामक घट्ट बसवलाय का, बेल्ट कुठं अडकवलेत. माझं अडलं ते कमरेच्या पट्ट्यापाशी. तो पोटावर नाही, खाली कमरेच्या हाडावरच बसला पाहिजे, नाहीतर धक्क्यात आतड्यांना इजा होते. ढेरी असलेल्याला तो एकट्यानं ओढता येत नाही. भाचा ओढतो, आणि “मामा, श्वास सोडा” म्हणत जराही दया दाखवत नाही.